सरहद्द, गेवराई रोड

या देशाची सरहद्द जीव लावून राखणारी माणसं दोनच प्रकारची. एक सैन्यातली आणि दुसरे आमचे साडू. सैन्यातल्यांची संख्या मला ठाऊक नाही, आणि जे स्वतः मोजलेलं नाही त्याचा आकडा मी सांगत नाही. बाजार समितीत हिशेबनीस म्हणून आयुष्य गेलं, ती खोड आता जायची नाही. पण साडू एकच होते, एवढं मी बेरीज तपासून सांगू शकतो. फरक इतकाच, की सैन्यातल्यांच्या सरहद्दीपलीकडे दुसरा देश असतो आणि साडूंच्या सरहद्दीपलीकडे एक लिंबाचं झाड, पंक्चरचं दुकान आणि गेवराईकडे जाणारा रस्ता होता. साडू मात्र त्या लिंबाच्या झाडाला 'परमुलूख' म्हणत. गेवराईला जाऊन आले की पाय धुता धुता सांगत, "आज परमुलखात गेलतो. लई धूळ हाय तिकडं." जणू आमच्या अंगणात गुलाबपाणी शिंपडलेलं असायचं.

साडू आमच्या गावच्या नगरपालिकेचे नाकेदार होते. आताच्या पोरांना जकात सांगावी लागते. बाहेरून विकायला किंवा वापरायला जो माल गावात येई, त्यावर नगरपालिका पट्टी घेई, ती जकात. ती घ्यायला गावाच्या प्रत्येक रस्त्यावर नाका असे. आमच्या गेवराई रोडच्या नाक्यावर एक पत्र्याची खोली, एक बाकडं, पाण्याचा रांजण आणि रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, इतकी मालमत्ता होती. बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला. दोरी सोडली की दगडाच्या वजनानं बांबू वर जाई आणि गाव उघडे. त्या बांबूला साडू 'दांडा' म्हणत आणि दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. नगरपालिकेनं नाकेदाराला गणवेश दिलेला नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशानं खाकी कोट शिवून घेतला होता. उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातला पत्रा तापून माणूस भाजून निघतो, पण त्या कोटाचं वरचं बटण मी कधी उघडं पाहिलं नाही.

नाका त्यांनी नाक्यावर ठेवला असता तर आमची तक्रार नव्हती. पण तो ते रोज संध्याकाळी घरी घेऊन येत. त्यांच्या घराचा उंबरा हाही एक नाकाच होता. आत पाऊल टाकायच्या आधी प्रश्न यायचा, "काय आणलंय? जाहीर करा." माझी बायको त्यांची धाकटी मेहुणी. एकदा ती कड्याहून, माहेरून येताना पिशवी भरून कुरडया, सांडगे आणि कांडलेलं तिखट घेऊन परस्पर त्यांच्याकडे गेली, तर साडू दारात आडवे.

"दाजी, तुमच्यासाठी आणलेलं तुमालाच जाहीर करू?"

"करावं लागतंय."

आतून अक्का, म्हणजे त्यांची बायको, ओरडली, "अहो, माझ्या माहेरच्या माणसाला तरी सोडा!"

"सोडतोय की," साडू म्हणाले. "नात्याला जकात माफ हाय. सांगायला माफी न्हाई."

हे त्यांचं सगळं शास्त्र. जकात किती, हा त्यांच्या दृष्टीनं दुय्यम प्रश्न होता. आत येणाऱ्यानं थांबावं, आपण कोण, कुठून, काय घेऊन आलो हे तोंडानं सांगावं आणि मग आत यावं. न सांगता आत येतो तो वारा, साप आणि चोर, असं ते म्हणत. यातला वारा कसा अडवायचा, हे मी विचारलं होतं. ते म्हणाले, "तुमी आकडे बघा, साडूभाऊ. नाका मी बघतो."

याचं मूळ त्यांच्या वडलांत होतं. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. वडील त्या करोडगिरीत शिपाई होते आणि कड्याच्या पुढं, जिथं निजामाचा मुलूख संपून इंग्रजांचा सुरू होई, तिथल्या नाक्यावर उभे असत. राज्य गेलं, इंग्रज त्याआधीच गेलेले, दोन्ही बाजूंना एकच देश झाला, तरी वडील दांडा उचलेनात. लेखी हुकूम आला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. लोक बाजूच्या शेतातून जात आणि जाता जाता त्यांना रामराम करत. ही गोष्ट साडू इतक्या अभिमानानं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं हैदराबादचं राज्य खरं तर कड्यापाशी शेवटपर्यंत टिकून होतं.

नाकानं माल ओळखण्याचा त्यांना मोठा अभिमान. ताडपत्री न उचलता, ट्रकभोवती एक चक्कर मारून, श्वास ओढून ते माल सांगत. लोक हे कौतुकानं सांगतात, म्हणून खरी गोष्ट मला नोंदवली पाहिजे. ते पुष्कळदा चुकत. एकदा भर दुपारी मी नाक्यावर बसलेलो असताना एक टेम्पो आला. मागं ताडपत्री घट्ट बांधलेली. साडूंनी डोळे मिटून वास घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "खोबरं. जाहीर कर."

"खोबरं न्हाई, नाकेदार."

"माझ्यापाशी खोटं बोलतो बे? खोबरंच हाय. ताजं."

ताडपत्री उघडली. आत लग्नाला निघालेला अख्खा बँडबाजा एकमेकांच्या अंगावर डोकी टेकून झोपला होता, आणि त्या सगळ्या डोक्यांना चपचपीत खोबरेल लावलेलं होतं. मी हसू दाबायचा प्रयत्न केला. साडू एक क्षणही डगमगले नाहीत. "मंग?" ते माझ्याकडं वळून म्हणाले, "खोबरं होतंच की. डोस्क्याला होतं."

त्यांना पुरून उरणारा माणूस एकच, फळवाले चाचा. बागवान गल्लीतले हे चाचा हंगामात गेवराईकडून आंब्याच्या पाट्या आणत. कैरीचा दर वेगळा, पिकल्या आंब्याचा वेगळा. चाचा म्हणत कैरी, साडू म्हणत आंबा. मग दोघं बाकड्यावर बसून एकेक फळ हातात घेऊन दाबत. वाद लांबे, चहा होई. चहा साडूंच्या घरचा, कारण नाक्यावर आलेल्या माणसाचा चहा ते पीत नसत. पुन्हा वाद सुरू. शेवटी एकदा साडूंनी विजयानं एक मऊ आंबा वर धरला. "ही कैरी हाय?"

चाचांनी हात जोडले. "नाकेदारसाब, आलो तवा कैरीच होती जी. तुमच्या नाक्यावर उभी राहून पिकली."

त्या दिवशी कैरीचा दर लागला. साडूंनी हरल्यावर दिलेली ही एकमेव सूट माझ्या आठवणीत आहे.

मग तो काळ आला, ज्यात देशात सगळंच उघडायला लागलं. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचा पिवळा बूथ, पत्र्यांवर टीव्हीच्या मोठाल्या छत्र्या आणि नाक्यावर कधी न पाहिलेला माल. साडूंच्या दरपत्रकात गूळ, हळद, सरकी, लोखंडी पत्रा, घोंगड्या असे इमानदार जिन्नस होते. त्यात फुगलेल्या पुड्यांतले वेफर कुठं बसवायचे? जकात वजनावर. खोकं हत्तीएवढं आणि वजन चिमणीएवढं. साडूंनी एक पुडी कानाशी हलवली, दाबली, आणि फट्ट झाली. तळाला मूठभर बटाटा निघाला. ते ड्रायव्हरला म्हणाले, "हवा आणतेत बे! इतक्या लांबून हवा आणतेत! आमच्या गावात हवा न्हाई का?"

बाटलीबंद पाण्याची पहिली खोकी आली, तेव्हा तर ते सुन्न झाले. आमच्याकडं पाणी विकत मिळतं हे नवीन नव्हतं, टँकर आम्हीही मागवत होतो. पण झाकण लावून, चित्र काढून, खोक्यात भरून दुकानात ठेवायला पाणी येतं, हे त्यांना पटेना. पेये या सदरात जकात घ्या, असं ऑफिसातून लेखी आलं. साडूंनी लेखी उत्तर दिलं, की पाण्याला अडवणं हे पाप असून निजामानंही पाण्यावर जकात घेतलेली नव्हती. निजामाबद्दलचं विधान मला तपासता आलेलं नाही. बाटल्या मात्र त्यांच्या नाक्यावरून फुकट जात राहिल्या आणि दुकानदार इतर नाके सोडून वळसा घालून गेवराई रोडनं यायला लागले.

पण त्यांची खरी कीर्ती होती ती नवरीच्या जकातीची. लग्नाहून वरात परतली, नवी नवरी जीपमध्ये बसून पहिल्यांदा गावात येत असली, की साडू दांडा खाली घेत आणि जीपजवळ जाऊन नेहमीच्याच आवाजात विचारत, "काय आणलंय? जाहीर करा." सासरचं कुणी उत्तर द्यायला लागलं तर त्याला गप्प करत. नवरी काही कुणाचा माल नाही, तिचं तिनंच सांगायचं. मग नवरी पदर सावरून उखाणा घेई, आणि नाव कानावर पडलं की साडू दोरी सोडत. हे कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. पण होता होता गावाचा रिवाजच झाला. नाक्यावर उखाणा न घेता आलेली सून, म्हणजे पावतीशिवाय आलेला माल, असं बायका एकमेकींना चिडवत. पोरी माहेरूनच नाक्याचा उखाणा पाठ करून येत. माझी सूनही उखाणा म्हणतच आली,

'कपाळाला कुंकू, डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा,
अशोकरावांचं नाव घेते, नाकेदार, वाट सोडा.'

अशोक म्हणजे आमचा थोरला. मी जीपमध्ये पुढं बसलो होतो. हिशेबाच्या माणसाच्या डोळ्यांत सहसा पाणी येत नाही.

असं सगळं चाललेलं असताना नगरपालिकेनं गेवराई रोडला यंत्र बसवायचं ठरवलं. रस्त्यात पुरलेला इलेक्ट्रॉनिक काटा, खोलीत कॉम्प्युटर, बांबूच्या जागी आपोआप वर जाणारा लाल-पांढरा दांडा आणि लाल-हिरवा दिवा. वाहन काट्यावर आलं, की रिकाम्या गाडीचं आणि आत बसणाऱ्या माणसांचं ठरलेलं वजन वजा करून माल किती ते यंत्र सांगणार. माणूस नको. नाकेदाराला ऑफिसात, जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर घेणार. अध्यक्ष साडूंना समजवायला स्वतः नाक्यावर आले.

"नाकेदार, पंखा हाय, खुर्ची हाय, सावली हाय. अन् काम तेच की हो. जन्म म्हंजे आवक, मृत्यू म्हंजे जावक."

साडूंनी दांड्याची दोरी नीट बांधली. मग म्हणाले, "तिथं अडवता येत न्हाई."

अध्यक्ष निघून गेले. त्या दिवसापासून साडूंची लढाई सुरू झाली. त्यांनी तीन पानी अर्ज केला. नाका माणसाचा असतो, कारण थांबायचं ते माणसासमोर, असं त्यात लिहिलं होतं. अर्जाचं शुद्धलेखन मी तपासलं, पण माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. यंत्राचं वजन बरोबर येणार आणि तुमचं अंदाजानं येतं. मी आजही हेच म्हणेन.

"तुमी त्या बाजूचे," साडू म्हणाले.

"मी वजनाच्या बाजूचा."

"वजन घ्या की तुमी. माझी कुठं न्हाई हाय? पण विचारणार कोण?"

यंत्र बसवायला कंपनीचे इंजिनिअर आले. पुण्याकडचे, बोलायला मऊ, घामानं हैराण. साडूंनी त्यांना पहिल्याच दिवशी दारात अडवून पेटी उघडायला लावली आणि नंतर घरचं जेवण खाऊ घातलं. इंजिनिअरांनी कौतुकानं सांगितलं, की या यंत्राला आवाजही आहे. बटण दाबलं, आणि एक बाई आकाशवाणीच्या मराठीत म्हणाली, "कृपया थांबा." साडू चमकून उभे राहिले. त्या दिवसापासून ते यंत्राला 'बाई' म्हणू लागले. बाईला तीनच वाक्यं येत होती. एक हे थांबा. दुसरं, "वाहन रिकामे आहे. कृपया पुढे जा." आणि तिसरं, "वाहन भरलेले आहे. कृपया रक्कम भरा."

"इतकुसंच बोलती?" साडूंनी विचारलं.

"एवढं पुरतं, काका," इंजिनिअर म्हणाले.

उद्‌घाटनाच्या दिवशी काट्यावर हार, मंडप, पेढे, अध्यक्ष आणि निम्मं गाव. निम्मं हा माझा अंदाज आहे, मोजणी नाही. बांबू आदल्या दिवशीच काढून खोलीमागं टाकला होता. साडूंना लेखी ताकीद होती, की आज कशालाही हात लावायचा नाही. ते खाकी कोट घालून, हाताची घडी घालून रस्त्याच्या कडेला उभे होते. संध्याकाळी त्यांना ऑफिसात हजर व्हायचं होतं. अक्कानं डबा दिला नव्हता. इथून पुढं घरीच जेवायला या, असं ती म्हणाली होती, हे तिनंच मला सांगितलं.

फीत कापली. आता पहिलं वाहन. सगळे गेवराईकडं डोळे लावून बसले, आणि धुरळ्यातून फुलांनी मढवलेली जीप आली. लग्नाची वरात. नवरी शिरूर कासारची, ऊसतोडीला जाणाऱ्या, उसाच्या शेंड्याच्या वाढ्यानं मोळ्या बांधणाऱ्या घरातली. नवरदेव आमच्याच गावचा, सर्जेराव. पुढच्या सीटवर नवरदेवाची आत्या, मांडीवर कळशी, चेहऱ्यावर पाटलीण. जीप काट्यावर चढली. दिवा लाल झाला. "कृपया थांबा," बाई म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत कॉम्प्युटर खडखडला, दिवा हिरवा झाला, लाल-पांढरा दांडा डौलानं वर गेला, आणि बाई स्वच्छ शब्दांत म्हणाली,

"वाहन रिकामे आहे. कृपया पुढे जा."

ड्रायव्हरनं गिअर टाकला. आत्यानं त्याचा हात धरला.

"थांब रे. काय म्हणली ती?"

"पुढं जा म्हणली, आत्या."

"त्याच्या आदी काय म्हणली?"

आत्या कळशी घेऊन खाली उतरली. "रिकामी? आमची सून बसलीय यात, भरल्या ओटीनं, अन् गाडी रिकामी? कुणाय ती बया? भाईर ये म्हणावं!"

इंजिनिअर धावले. "काकू, गैरसमज होतोय. रिकामं म्हणजे माल नाही, या अर्थी."

"सून माल न्हाई हे आमाला म्हाईत हाय. पण रिकामी कावून म्हणायचं? घरात पाऊल टाकायच्या आदी असलं कानावर घालता?"

मागून बायकांचा गलका सुरू झाला. मागं एसटी थांबली, तिच्यामागं ट्रक, त्यामागं उसाचा ट्रॅक्टर. नवरदेव म्हणाला, "आत्या, जाऊ दे की," आणि आत्यानं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो पुन्हा जीपमध्ये बसला. अध्यक्ष इंजिनिअरांच्या कानाशी म्हणाले, "दुसरं कायतरी बोलवा हो तिला." घाबरलेल्या इंजिनिअरांनी आत जाऊन जे दुसरं होतं ते बटण दाबलं. बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाली,

"वाहन भरलेले आहे. कृपया रक्कम भरा."

आता वऱ्हाडातले पुरुषही उतरले. "सुनंवर जकात? नगरपालिका सुनंवर जकात घेती?" चाचा पाटी घेऊन गर्दीत उभे होते, ते मोठ्यानं म्हणाले, "कच्चा दर लावा जी!" त्यानं आग आणखी भडकली. दांडा वर, दिवा हिरवा, रस्ता मोकळा, आणि एकही माणूस पुढं सरकायला तयार नाही. नाक्याच्या इतिहासात वाहतूक इतकी कधी तुंबली नव्हती, हे मी जबाबदारीनं लिहितो, कारण बाजार समितीचे त्या दिवशीचे सगळे लिलाव खोळंबले होते.

अखेर अध्यक्ष साडूंकडं वळले. "नाकेदार, तुमचं काय असंल ते करा आता."

"मला हात लावायची मनाई हाय," साडू म्हणाले. "लेखी."

"मी तोंडी सांगतो ना!"

"तोंडी चालत न्हाई."

मी हिशेबनीस आहे, आणि हिशेबनिसाच्या खिशात कागद असतोच. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर कागद ठेवून दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. साडूंनी तो कागद वाचला, घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवला. मग ते रस्त्याच्या मधोमध गेले. त्यांचा बांबू तर खोलीमागं पडला होता. त्यांनी स्वतःचा उजवा हात आडवा धरला, खांद्यातून सरळ, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय आणलंय? जाहीर करा."

ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली. नवरी मान वर करून बसली. उन्हानं रापलेली, ठसठशीत पोर. साडूंकडं नाही, त्या लाल-हिरव्या दिव्याकडं बघत ती खणखणीत आवाजात म्हणाली,

'उसाची बांधली मोळी, वाढ्यानं आवळली घट्ट,
सर्जेरावांचं नाव घेते, सोडणार न्हाई हट्ट.'

साडूंचा हात खाली आला. जीप गेली. एसटीतल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या, त्यांना काय झालं ते समजलेलं नसताना.

त्या संध्याकाळी साडू ऑफिसात हजर झाले नाहीत. ते आहेत तिथंच राहावेत, असा ठराव पुढच्या सभेत झाला. यंत्र वजन सांगेल आणि नाकेदार विचारतील. मला विचाराल तर हीच योग्य व्यवस्था होती, आणि ती सुचायला वेफरएवढीही बुद्धी लागत नव्हती. गंमत म्हणजे पुढं साडूंचं बाईशी चांगलं जमलं. धुळीचं वारं सुटलं, की ते स्वतःच्या घरचं जुनं लुगडं आणून कॉम्प्युटरवर पांघरत. बाई "कृपया थांबा" म्हणाली, की तिच्या मागोमाग "थांबा म्हणली ना ती!" असा त्यांचा आवाज येई. वजनावरून एखादा ड्रायव्हर भांडायला लागला तर ते बाईची बाजू घेत. "ती खोटं बोलत न्हाई. तिला यवढंच येतंय."

पण माणसाला हटवून यंत्र आणणारे जसे असतात, तसे यंत्रासकट नाका उचलणारेही असतात. मुंबईत ठरलं, की आमच्यासारख्या गावांची जकातच बंद. आता माल अडायचा नाही, व्यापार मोकळा. बातमी पेपरात आली. ट्रकवाले हॉर्न वाजवत आले. साडूंनी दांडा खाली घेतला. "पेपरात जकात बंद होत न्हाई. हुकूम दाखवा." दोन दिवस त्यांनी गाव रोखून धरलं. रक्कम घेत नव्हते, नुसतं विचारत होते. लोक चिडले, शिव्या दिल्या, मग थकून सांगायलाही लागले, "सरकी हाय, नाकेदार. सोडा." तिसऱ्या दिवशी हुकूम आला. साडूंनी तो दोनदा वाचला, खालचा शिक्का उजेडात धरून पाहिला आणि खोलीला कुलूप लावलं. यंत्र न्यायला आलेल्या हमालांशी मात्र ते कडाकडा भांडले. "नीट उचला बे! बाईमाणूस हाय आत."

मग जन्म-मृत्यूचं टेबल. तिथं पंखा होता, खुर्ची होती, सावली होती. ते चोख काम करत. मृत्यूची नोंद करायला आलेल्या माणसाला आधी पाणी देत. काय झालं, कसं झालं, हे कागदात लागत नसलं तरी विचारत, आणि तो सांगेल तितकं ऐकून घेत. रांग मागं तटलेली असे. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "तुमची पाळी आल्यावर तुमालाबी विचारीन." खाकी कोट त्यांनी पुन्हा घातला नाही. अक्का म्हणते, घरातही ते कुणाला अडवायचे बंद झाले. एकदा माझी बायको पिशवी घेऊन गेली आणि दारात सवयीनं थांबली. साडू म्हणाले, "या की. थांबलात कावून?" ती परत येऊन मला म्हणाली, "मला न्हाई आवडलं."

निवृत्तीनंतरची गोष्ट. आम्ही दोघं गेवराईला एका लग्नाला गेलो होतो. परतताना एसटीत ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होते. मध्येच जागे झाले, खिडकीतून बघायला लागले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, गॅरेजं, हॉटेलं, मंगल कार्यालय, पुन्हा दुकानं. पत्र्याची खोली कधीच पाडली होती, लिंबाचं झाड तोडलं होतं. त्यांनी मान बाहेर काढून मागं पाहिलं, पुढं पाहिलं.

"साडूभाऊ, तुमी आकड्याचे माणूस. सांगा, आता गाव कुठून सुरू होतंय?"

मला सांगता आलं नाही. मी खिडकीतून बघत राहिलो आणि मला खरोखरच सांगता आलं नाही.

साडू उठले. कंडक्टरला म्हणाले, "गाडी थांबवा."

"बाबा, हितं स्टॉप न्हाई. स्टँड अजून लांब हाय."

"थांबवा म्हणलं ना. गाव आलं."

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, त्यानं घंटा ओढली. साडू दांडीला धरून एकेक पायरी उतरले. मी पिशव्या घेऊन त्यांच्यामागं उतरलो. एसटी निघून गेली. तिच्यामागं मोटरसायकली, टेम्पो, ट्रक, कुणी न थांबता सरळ आत जात होते. साडूंनी टोपी नीट केली, धोतराचा सोगा हातात धरला, आणि गाव सुरू होतं त्या जागेपासून आम्ही चालत घरी आलो.